उन्हाळीच ती, दुसरं काय!

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ला टेकतो. त्यामुळे लघवीला आग झाली की निदान तयारच असतं. सासूबाई म्हणतात, “ऊन लागनं, दुसरं काय!” तुम्हीही तेच धरून चाला. धने-जिऱ्याचं पाणी प्या, सब्जा भिजवा आणि मेडिकलमधून लघवीच्या जळजळीचं गोड सिरप आणा. त्याने लघवीची आम्लता कमी होऊन आग शमते. लघवीच्या संसर्गामागचे ई. कोलाय जंतू मात्र आत सुखात नांदतात.

लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू शोधायची तपासणी, करायचीच असेल, तर आधी अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन टाका. ‘जंतू आढळले नाहीत’ असा छान रिपोर्ट येतो. लॅबची निर्जंतुक डबी कशाला? लोणच्याची बरणी विसळून घ्या. जागा धुऊन मधली धार धरायची असते, तुम्ही पहिलीच धरा. मग नमुना उन्हात, गाडीच्या डिकीत चार तास फिरवा. दोन तासांत लॅबला किंवा तोवर फ्रिजमध्ये, हे लाड झाले.

डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, ५ दिवस लिहून दिलं? दुसऱ्या दिवशी आग थांबली की बंद करा. उरलेल्या ६ गोळ्या नणंदेला द्या, नववा महिना असला तरी. सिरपही चालू ठेवा. ही गोळी आम्ल लघवीत जास्त चालते, म्हणून तर.

संबंधांनंतर लघवीला उठू नका, झोपमोड होते.

थंडी वाजून ताप, कुशीत कळा, उलट्या? तीही उन्हाळीच. किडनीचा काय संबंध?

आणि पाणी पिऊ नका. पाणी कमी पिणाऱ्या, पुन्हापुन्हा हाच त्रास होणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर जास्त प्यायलं, तर आजार निम्म्यावर येतो. पण प्यायलेलं जाणार कुठे? सकाळी सातला केळीच्या बागेत निंदणीला गेलेली बाई दुपारी दोनपर्यंत दाबून ठेवते, कारण बांधावर मुकादम उभा असतो. परवाच एका स्टँडवर बायकांच्या मुतारीला कुलूप होतं. किल्ली चहावाल्याकडे, चहावाला जेवायला! उघडलं तेव्हा पाटीवर ‘विनामूल्य’ आणि पाटीखालीच टेबल टाकून ५ रुपये. सुट्टे नाहीत? मग थांबा. पुरुषांना शेजारीच फुकट. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटीमीटर, जंतूंना आत शिरायला तेवढी पुरते. वरून लघवी तुंबवलीत की त्यांना वाढायला अख्खी दुपार मोकळी.

आता सरळच सांगते. बाई पाणी पीत नाही म्हणून तिलाच काय बोलता? दर तीन-चार तासांनी तिला जायला जागा कोण देणार? मुकादमाला दहा पावलं लांब उभं राहता येत नाही? पाटी लावताना विनामूल्य, मग टेबल कुणाच्या हुकमाने टाकलंत? आधी ते उचला. आणि ती किल्ली चहावाल्याकडून काढून घ्या, आजच.