तीन खाड्यांचे पैसे

आमच्या चुलत-मावसभावंडांच्या ग्रुपचं नाव ‘भावकी’ आहे. नोव्हेंबरच्या एका सकाळी अण्णांनी त्यावर फोटो टाकला: बोंडं फुटून लोंबतायत, वेचायला कुणी नाही. खाली लिहिलं होतं, ‘किलोला दहा रुपये देतो म्हटलं तरी बाई येईना. लाडक्या बहिणींनी शेतीची वाट लावली.’ अकरा जणांनी लाइकचे अंगठे दिले. त्यातल्या चौघांनी आयुष्यात कापूस वेचलेला नाही. एक जण तर बाणेरला राहतो आणि भाजीसुद्धा ॲपवरून मागवतो.

मी तेव्हा नेदरलँड्समधल्या आयंडहोवनच्या स्टेशनाखाली सायकल लावायला जागा शोधत होतो. तिथंच उभ्या उभ्या लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसलं. एकाहत्तर जणांच्या ग्रुपवर वाद घालायचा म्हणजे लग्नाच्या पंगतीत हिशेब मागण्यासारखं. म्हणून इथं लिहितोय.

‘लाडकी बहीण’ योजना सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात २१ ते ६५ वयाच्या आणि अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये. पुढं नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली आणि तेव्हापासून आमच्याकडं दोनच पक्ष उरलेत. एक म्हणतो ही रेवडी आहे, लोक आळशी झाले. दुसरा म्हणतो मास्टरस्ट्रोक. रांजणात किती तांबे ओतले यावर दोघं भांडतात. रांजणाला भोक कुठं आहे ते बघायला वाकायची तयारी दोघांचीही नाही.

रांजण माझा, कल्पना उसनी आहे. आमच्या ऑफिसात दर वर्षी सिस्टीम्स थिंकिंगची कार्यशाळा होते. रंगीत चिठ्ठ्या, काचेच्या भिंतीवर बाण, दुपारी चीजचं कोरडं सँडविच. शिकवणारी बाई टबचं चित्र काढते. नळातून किती येतं, मोरीतून किती जातं आणि मधे किती साठतं, हे तिन्ही एकदम बघा म्हणते. मग एखाद्या गोष्टीचा परिणाम फिरून तिच्याच कारणाला कसा जाऊन मिळतो, ती चक्रं काढायला लावते. बाकीचे मशीनच्या सुट्या भागांच्या साठ्याची चक्रं काढत होते. मी नकळत माझ्या वर्गाचा हजेरीपट काढून बसलो.

माझे वडील बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत गुरुजी होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की चाळिसातली अठरा-वीस पोरंच वर्गात दिसायची. उरलेली आईबापांबरोबर ऊसतोडीला, कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात. वडील त्या नावांपुढं शाईनं काही लिहीत नसत. पेन्सिलनं बारीक ‘गै’ लिहायचे, म्हणजे साहेब आले तर खोडता यावं. पाडव्याच्या आगेमागे कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की पोरं परत यायची. हातापायावर पाचटानं कापल्याच्या रेघा, तोंडात कानडी शिव्या आणि विसरून गेलेले पाढे.

आता चक्र बघा. गावात पाणी नाही म्हणून काम नाही. दसऱ्याच्या आधी मुकादम, म्हणजे मजूर गोळा करणारा ठेकेदार, येतो आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. त्या पैशात आधीचं देणं, दवाखाना आणि बी-बियाणं भागतं. उचल मिळते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, त्याला पुरी उचल नाही. साहजिकच पोरगं वयात आलं रे आलं की त्याचं लग्न. आणि पोरीला एकटीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून तिचंही. नवी जोडी म्हणजे नवा कोयता, नवी उचल, आणि तिच्यातूनच लग्नाचं कर्ज फिटणार. हंगामात उचल पुरती फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. यात आळशी कोण आहे ते मला दाखवा. पहाटे चारला फडात उतरून रात्री मोळ्या ट्रकवर चढवणारी बाई?

त्या बाईला आणखी एक हिशेब असतो, खाड्याचा. एक दिवस काम चुकलं की तो खाडा, आणि दंड साधारण पाचशे रुपये. पाळीत, बाळंतपणात, तापात, कधीही चुकला तरी खाडाच. २०१९ मध्ये बीडच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. बऱ्याच जणी तरुण होत्या. पिशवी काढली की पाळी नाही, पाळी नाही तर खाडा नाही. डॉक्टरांचं बिल भागवायला पुन्हा उचल.

तर १,५०० रुपये म्हणजे काय? तीन खाडे. महिन्यातले नेमके ते तीन दिवस. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्या नव्या दरानंही हे पैसे जोडप्याच्या जेमतेम दोन दिवसांच्या तोडीएवढे होतात. एवढ्या पैशात कुणी घरी बसून श्रीमंत होत नाही. पण दहा रुपये किलोनं वेचायला येतेस का म्हटल्यावर ‘नाही’ म्हणता येतं. अण्णांना जी तक्रार वाटते तो माझ्या मते योजना थोडीफार लागू पडत असल्याचा पुरावा आहे. उपाशी माणूस भाव करत नाही. तो भाव करू लागला की आपण म्हणतो मजूर माजले.

हेही आपल्याकडं काही नवीन नाही. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. ७२च्या दुष्काळात आमची आजी बंडिंगवर, म्हणजे बांधबंदिस्तीच्या कामावर गेली, खडी फोडली. मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, खाल्ल्याचं ती मरेपर्यंत तोंड वाकडं करून सांगायची. पुढं कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, देशाला तशी हमी मिळायच्या पाव शतक आधी. मला त्यातलं सगळ्यात हुशारीचं कलम वाटतं ते पैशाचं. शहरातल्या नोकरदाराकडून व्यवसाय कर घ्यायचा, तेवढीच भर सरकारनं घालायची आणि त्यातून खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं. दुष्काळ वाढला की कामाची मागणी आपोआप वाढते, पाऊस झाला की आपोआप ओसरते. गरीब कोण हे कुणी ठरवायचं नाही, कारण भर उन्हात खडी फोडायला श्रीमंत येत नाही. १९९० पासून ती मजुरी फळबागेला जोडली. आपल्याच बांधाच्या आत खड्डे खणायचे, मजुरी सरकारची, डाळिंब आपलं. काचेवर बाण काढणाऱ्या बाईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं ते लिहून घेतलं. कॉलर ताठ झाली, खोटं का बोलू.

पण २००७ साली हिंजवडीत माझ्या पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘पीटी २००’ अशी व्यवसाय कराची ओळ होती, फेब्रुवारीत ३००, तेव्हा मी काय म्हणालो होतो? ‘आता हे काय नवीन लचांड?’ आजीनं ज्या योजनेवर खडी फोडली तिचेच हे दोनशे रुपये, हे मला कळायला हॉलंडला यावं लागलं.

इथलं सांगायचं तर पाणी. दर वर्षी वॉटरस्खापचं, म्हणजे पाणी सांभाळणाऱ्या स्थानिक मंडळाचं, बिल येतं, करखात्याच्या निळ्या पाकिटापेक्षा थोड्या कमी धाकानं उघडतो, भरतो. २१ वॉटरस्खाप आहेत, काहींची मुळं तेराव्या शतकातली. त्यांची वेगळी निवडणूक होते. चर किती खोल ठेवायचा आणि पाण्याची पातळी कुठं राखायची, यावर इथं माणसं उमेदवारी करतात. आणि आपल्याकडं? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि मराठवाड्यात नव्या कारखान्याचा नारळ फुटला की ग्रुपवर अभिनंदन. पाणी उसाला, ऊस कारखान्याला, आणि पाणी नसलेल्या शिवारातली माणसं तो तोडायला. मुकादमाची उचल आणि अण्णांचा आठशे फुटांचा बोअर हे एकाच चक्राचे दोन आरे आहेत, हे मी लिहिलं असतं तर आमचं बोलणं बंद झालं असतं.

आपल्याला जमत नाही असंही नाही. नगरचं हिवरे बाजार काही नेदरलँड्समध्ये नाही. तिथं दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पाणी थांबलं तशी माणसं थांबली, शहरात गेलेली काही घरंही परतली. गावाला या वाटेवर नेणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, सगळ्यांनी फोटो पुढं पाठवला, आणि शेजारच्या तालुक्यात बोअरची गाडी रात्रभर घरघरत राहिली.

शेवटी न राहवून ग्रुपवर मी एवढंच टाकलं: ‘आमच्याकडे प्रत्येक पोरामागं तिमाहीला किंडरबाइस्लाख नावाचा भत्ता येतो. उत्पन्न कुणी विचारत नाही. कुणी आळशी झालेलं दिसलं नाही.’ ‘आमच्याकडे’ हा शब्द पाठवून झाल्यावर माझा मलाच खटकला.

आणि सोयीचं तेवढंच सांगितलं, हेही कबूल. इथल्या टूस्लाखच्या, म्हणजे सरकारी भत्त्यांच्या, भानगडीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. पाळणाघराचा भत्ता घेणाऱ्या हजारो आईबापांना करखात्यानं लबाड ठरवलं, कुठं एक सही राहिली म्हणून वर्षांचे पैसे परत मागितले, घरं-संसार मोडले. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांवर जास्त संशय धरला गेला. जानेवारी २०२१ मध्ये त्यापायी पंतप्रधान रुटे यांच्या सरकारनं राजीनामा दिला. तेव्हा माझ्या बायकोनं आमची सगळी कागदपत्रं काढून दोन रविवार फाइलला लावली होती. आमचं काही चुकलेलं नव्हतं. तरी लावली, कारण आमचं आडनाव इथलं नाही.

म्हणून तिकडं निवडणूक उरकल्यावर बहिणींची छाननी आणि ई-केवायसी सुरू झालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. अपात्र लोक आत घुसले होते हे खरं, पुरुषांनीही हप्ते उचलल्याच्या बातम्या आल्या. पण ओटीपी यायचा त्या वेळी बाई फडात, नवऱ्याचा मोबाइल बंद आणि कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, वीज नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच पहिला गळतो, याला शहाणी सरकारंही अपवाद नाहीत. माझ्याकडं डिजीडी ही इथली सरकारी ऑनलाइन ओळख आहे, फायबर आहे, आणि तरी मला धाप लागते.

अण्णांचं उत्तर अर्ध्या तासानं आलं. ‘तुला काय जातंय तिथून बोलायला. ये दोन दिवस, वेच कापूस.’

बरोबर आहे. मी गेलो तरी दोन दिवसांनी परत येणार. २०१८ साली गेलो होतो तेव्हा स्टँडवर एका बाईनं हाक मारली. सातवीपर्यंत माझ्या शेजारच्या रांगेत बसायची. गणितात माझ्यापुढं होती, वडील तिची वही मला दाखवायचे. आठवीच्या दिवाळीत तिचं लग्न झालं. कडेवर नातू होता. तिच्या नातवाच्या वयाची माझी मुलगी तेव्हा ड्रॉपची, म्हणजे ज्येष्ठमधाची डच गोळी चोखत माझ्या खांद्यावर होती. बाई म्हणाली, ‘ओळखलं का साहेब?’ ‘साहेब’ म्हणाली. आम्ही एकाच वर्षी एकाच गुरुजींच्या छड्या खाल्ल्या होत्या. फरक एवढाच की माझ्या बापाला महिन्याच्या महिन्याला सरकारी पगार होता, आणि पुढं माझी इंजिनिअरिंगची अर्धी फी सरकारनं भरली. त्याला कुणी रेवडी म्हटलं नाही. गुणवत्ता म्हटलं.

ग्रुपवर न सांगितलेली आणखी एक गोष्ट. इथं आल्यावर पहिली पाच वर्षं माझ्या पगाराच्या तीस टक्क्यांवर कर नव्हता. बाहेरून आलेल्या कुशल लोकांसाठी तशी सवलतच आहे. या देशानं मला दर महिन्याला जे सोडलं त्यात कितीतरी बहिणी बसल्या असत्या. मी ते पैसे घेऊन आळशी झालो नाही, घराचं डाउन पेमेंट केलं.

मार्च २०२३ मध्ये पासपोर्ट भारतीय असूनही मी वॉटरस्खापला मत दिलं. उमेदवारांची नावं धड उच्चारता येत नव्हती. २०२४ च्या नोव्हेंबरात मात्र, ज्या निवडणुकीवर मी एवढं लिहितोय त्या निवडणुकीत, मतदानाला जायचं तर विमानाचं तिकीट काढावं लागलं असतं. काढलं नाही. सुट्ट्या डिसेंबरसाठी राखल्या होत्या.

त्या रात्री वहिनींचा वेगळा फोन आला. अण्णांकडं ट्रॅक्टर आहे, पण योजनेत ट्रॅक्टर चारचाकीत धरत नाहीत, आणि दाखल्यावरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत बसतं. पंधराशे रुपये वहिनींनाही येतात. सुरुवातीपासून. अण्णांना ठाऊक आहे, पण किती साठले ते ठाऊक नाही. बचत गटात टाकलेत.

‘यांचं मनावर घेऊ नका भाऊजी,’ त्या म्हणाल्या, ‘कापूस आम्ही तिघींनी वेचला शेवटी. मी, आत्याबाई आणि धाकटी जाऊ.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘तुमच्याकडं देतात का हो असं काही?’

‘पोरांचं देतात,’ मी म्हणालो, ‘थोडंफार.’

तीस टक्क्यांचं सांगितलं नाही.