नत्र, पालाश आणि मी

आमच्या घरात नळाच्या पाण्यावर पहिला हक्क माशांचा. सोलापुरात हे मोठ्यानं बोलायची सोय नाही. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत जी बाई टाकीतलं पाणी काढून ओतते आणि पुन्हा ताजं भरते, तिच्याकडे लोक कसं बघतात ते मला विचारा. म्हणून जुनं पाणी मी कढीपत्त्याला घालते, तेही भर दिवसा, फाटक सताड उघडं ठेवून.

टाकी माझी नाही, चिरंजीवांची. ते इंजिनिअरिंगला पुण्याला गेले आणि दोन फुटी टाकी, तिच्यातली जिवंत झाडं आणि गप्पींचा गोतावळा माझ्या पदरात टाकून गेले. "आई, काही करायचं नाही गं. फक्त लाईट सहा-सात तास." आता सहा-सात तास हे सासूबाईंना कोण सांगणार? पहाटे देवापाशी निरांजन लागलं की टाकीचा दिवा लागायचा, तो रात्रीची मालिका संपेपर्यंत. मासे अंधारात असले की त्यांचा जीव घाबरा होतो. माशांचा नव्हे, सासूबाईंचा.

मग पाणी हिरवं झालं. पालकाच्या सारासारखं हिरवं. मासे आहेत की गेले, हे खाणं टाकल्यावरच कळायचं. चिरंजीवांचा फोनवरून सल्ला आला: हे पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ आहे, तीन दिवस पूर्ण अंधार कर, दिवाही नको आणि खाणंही नको. सोलापुरात अंधार करायला काय कमी? कपाटातली भौगोलिक मानांकनवाली चादर काढली आणि दुहेरी करून टाकीवर घातली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का आल्या, हॉलमधली ती झाकलेली लांबोडकी वस्तू बघून चप्पल दारातच काढून उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कधी झालं हो?"

यावर आमच्या ह्यांचं भाष्य: "उन्हाळ्यात अख्खी उजनी हिरवी होते, तिथं तुझ्या डबक्याचं काय घेऊन बसलीस?" मुद्दा तसा बरोबर आहे. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत. त्यातल्या नत्र-स्फुरदावर, म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरसवर, शेवाळ माजतं, आणि तेच धरण आम्हाला पाणी पाजतं. म्हणजे चिरंजीव तिकडे हॉस्टेलवर बनियन धुणार आणि आई इकडे काच घासणार. "आई, मध्ये शुद्धीकरण केंद्र असतं," तो म्हणतो. असेल. मला बनियन ओळखू येतात.

पाणी निवळलं, तर झाडं मरगळलेली. त्यांना म्हणे कार्बन डायऑक्साईड कमी पडतो. गॅसचा सिलिंडर परवडत नाही म्हणून बाटलीत साखर, यीस्ट आणि कोमट पाणी, झाकणातून नळी थेट टाकीत. एप्रिलमधल्या सोलापुरी दुपारी त्या यीस्टच्या अंगात जे संचारतं ते बघण्यासारखं असतं. दुपारी बुडबुड्यांची नुसती लयलूट, दोन दिवसांनी बाटली ढिम्म. वर घरभर असा आंबूस वास, की ह्यांच्या मित्रानं पाणी मागायच्या आधी दोनदा खोलवर श्वास घेतला. आणि गॅस असा कधी भरपूर, कधी नाही म्हटला की काळं शेवाळ खूश होतं. पानांच्या कडांना काळे, आखूड, राठ केस फुटले. चोळून निघत नाहीत. गप्पी जवळ जाऊन बघतात आणि तोंड फिरवतात.

एवढ्यात सांगोल्याचे धाकटे दीर आले. डाळिंबाची बाग आहे त्यांची. चहाचा कप हातात घेऊन काचेला नाक लावून उभे राहिले. जुन्या पानांवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं होती आणि भोकांभोवती पिवळी कड. "वहिनी, पालाश कमी पडलंय, म्हणजे पोटॅशियम," ते म्हणाले. "आणि ही खालची पानं सबंध पिवळी पडायलीत, म्हणजे नत्र पण. वरची कोवळी पिवळी, शिरा हिरव्या, हे लोह." बोअरच्या जड पाण्यात साधं लोह टिकत नाही, चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेलंच राहणारं घ्या, हेही सांगून गेले. एवढं नेमकं निदान माझ्या गुडघ्यांचं आजवर कुणी केलेलं नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी 13-00-45 या खताचं किलोभराचं पाकीट आणलं. म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ठिबकातून डाळिंबाला सोडतात तेच. माझ्या टाकीला आठवड्याला चिमूट-दोन चिमूट लागतं. उरलेलं मृत्युपत्रात लिहावं लागणार. अक्का म्हणाल्या, शेवाळ आलंय आणि तुम्ही खत घालताव? हीच तर मेख आहे. झाडं उपाशी राहिली, त्यांची वाढ थांबली की उष्टं-खरकटं शेवाळ खातं. झाडं खाती-पिती झाली की शेवाळाला फारसं उरत नाही. माझी पानं महिन्याभरात तकाकली. झाडांचं लोह चिलेटेड आलं. माझ्या लोहाच्या गोळ्या आणायच्या अजून राहिल्यात.

उरलं ते काळं शेवाळ, आणि तेही सगळं अनुबियासवर. हे झाड इतकं सावकाश वाढतं की त्याच्या एकेका पानावर शेवाळाला निवांत संसार थाटता येतो. त्याला म्हणे हायड्रोजन पेरॉक्साईड, तीन टक्क्यांचं, फिल्टर बंद करून सिरिंजनं नेमकं त्या केसांवर सोडायचं. थोडंच, नाहीतर मासे दगावतील. केस गुलाबी पडले की शेवाळ मेलं समजायचं.

मेडिकलवाल्यानं बाटली काढली. सुईशिवाय सिरिंज मागितली तेव्हा चष्म्यावरून बघितलं.

"जखम कुठंय, काकू?"

"पानावर."

"पायावर?"

"पानावर हो. काळे केस आलेत."

तो जरा थांबला. "पेशंट कोण?"

"अनुबियास."

मागं रांग वाढत होती. त्यानं पुढं काही विचारलं नाही. घरी येऊन बिल पाहिलं, तर पेशंटच्या नावापुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: अनुबाई, वय अंदाजे साठ.