आईच्या चुलीचं लिहिलंत म्हणून: लिंग्बीच्या शेतघरांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर टाइप करायला घेतलं आणि पुसून टाकलं, कारण तेव्हा जरा लागलं होतं. आता शांतपणे लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ लिंग्बीला फ्रीलांड्समुसेत म्हणून जुन्या शेतघरांचं उघड्यावरचं म्युझियम आहे, त्यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. ही प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की घरं कुठून कुठून उचलून आणलेली, माणसं जुने कपडे घालून कामाचं सोंग करतात, जत्राच म्हणायची. आणि शेवटी लिहिलंय, "माझ्या आईने चाळीस वर्षं चूल फुंकली, डोळे खराब करून घेतले, आणि तुम्ही तिकीट काढून चूल बघायला जाता आणि छान वाटलं म्हणता."

जत्रा म्हणालात त्यात तथ्य आहे. हे उभं करणारे बर्नहार्ड ओल्सेन हे टिवोलीचे डायरेक्टर होते, म्हणजे कोपनहेगनची ती प्रसिद्ध करमणुकीची बाग. १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी स्वीडनच्या हाझेलियस या म्युझियमवाल्याने मांडलेले शेतकरी घरांचे देखावे बघितले आणि ते डोक्यात बसलं. वस्तू काचेत ठेवायच्या नाहीत, माणसाला घरात चालत जाता आलं पाहिजे, ही त्यांची कल्पना. १८९७ मध्ये कोपनहेगनच्या राजबागेत सुरुवात झाली, १९०१ मध्ये म्युझियम लिंग्बीला आलं, आता ३५ हेक्टरवर ५० पेक्षा जास्त इमारती आहेत, साधारण १६५० ते १९५० या काळातल्या.

आता घरं हलवली म्हणून ती खोटी, हे मात्र मला अजिबात पटत नाही. ही घरं म्हणजे लाकडाचा सांगाडा, लाकडी खुंट्या ठोकून जोडलेला, आणि मधल्या चौकटींत आपल्या कुडासारख्या काठ्या आणि चिखल, नाहीतर विटा. खुंट्या काढा, लाकडांवर खुणा करा, दुसरीकडे नेऊन परत उभं करा. आणि हे म्युझियमवाल्यांनी शोधून काढलेलं नाही, शेतकरी स्वतःच करायचे! तिकडे पूर्वी सगळी घरं गावात एकत्र आणि प्रत्येकाची जमीन शिवारभर पट्ट्यापट्ट्यांत विखुरलेली. १७८१ च्या कायद्यानंतर ज्याची त्याची जमीन एका जागी करायला लागले, आणि मग कितीतरी जणांनी गावातलं घर उतरवलं आणि आपल्या नव्या तुकड्यावर नेऊन बांधलं. तुम्ही शेतकऱ्याघरचे आहात, आपल्याकडे १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्या एकत्रीकरणात घर पाठीवर घेऊन रानात जायचं, असं समजा.

पण तिथेच माझी चूक झालीय आणि ती तुमच्यामुळे लक्षात आली. मी मोठ्या चौसोपी घरांचेच फोटो टाकले, मधे अंगण, चारी बाजूंनी सोपे, बघायला सुंदरच दिसतं. त्या जमीनवाटपात ज्यांना काहीच मिळालं नाही किंवा जेमतेम वाफा मिळाला, वर गावाचं सामाईक गायरानही गेलं, त्या मजूर घरांबद्दल एक ओळ नाही. त्यांना तिकडे हुसमन म्हणतात, म्हणजे ज्याच्याकडे फक्त घर आहे तो. त्यांचीही घरं आहेत तिथे, आत वाकून जावं लागतं, सगळा संसार एका खोलीत. आणि मोठ्या घरातले तरी कुठे मोकळे होते, बहुतेक जण जहागिरदाराची कुळं, त्याच्या शेतावर वेठ करायची ती वेगळीच. १७३३ पासून तर १४ ते ३६ वर्षांच्या पुरुषांना आपली जहागीर सोडून जायलाच बंदी होती, पुढे ती ४ ते ४० केली, चार वर्षांच्या पोरापासून! १७८८ मध्ये कायदा रद्द झाला पण सगळे सुटायला १८०० उजाडलं. हे सगळं मी मूळ लेखात घालणार आहे.

सोंगाचं म्हणालात, तर मी जे बघितलं ते सांगते. एका स्वयंपाकघरात विटांच्या ओट्यावर उघडा जाळ, वर धुराड्याचं भलं मोठं तोंड, इतकं की वर बघितलं की आभाळ दिसतं. जुन्या पद्धतीचा तागाचा एप्रन घातलेली एक बाई तिथे लापशी ढवळत होती, साठीची असेल. वारा फिरला की धूर खाली यायचा आणि ती मनगटाने डोळे पुसायची, हात पिठाचे ना. तिच्या पापण्या लाल झाल्या होत्या. बाहेरच्या खोलीत मात्र अजिबात धूर नाही, कारण तिथली लोखंडी शेगडी भिंतीतून स्वयंपाकघराच्या बाजूनेच पेटवतात. बसणाऱ्यांना ऊब मिळते आणि धूर जाळापाशी उभी असणारीच्या वाट्याला. मी आठ-दहा मिनिटं उभी होते, तेवढ्यात माझेही डोळे झोंबायला लागले. हे मी लेखात लिहिलंच नाही, "छान वाटलं" लिहून पुढे गेले, त्याबद्दल तुमचा राग बरोबर आहे.

आणि अजून एक, लेसो बेटावरचं घर. छपरावर नेहमीचं गवत नाही, समुद्रात उगवणारं ईलग्रास नावाचं गवत, वाळवलेलं, इतकं जाड की घराने डोक्यावर गोधड्या घेतल्यासारखं वाटतं. बेटावर मीठ उकळायला लाकूड जाळून जाळून जंगल संपलं, शाकारायला फारसं काही उरलं नाही. पुरुष बोटींवर, म्हणून ही शाकारणी बायका करायच्या. हे समुद्राचं गवत पिळून त्याचे दोर वळायचे, ते वळचणीला वाशांना बांधायचे, मग वर थर टाकायचे. १९३० च्या आसपास त्या वनस्पतीला रोग पडला आणि नवीन गवत मिळेनासं झालं. मी वळचणीतला तो दोर बोटाने दाबून बघितला, टणक, चिवट, पिळाच्या खाचा अजून तशाच. ज्या बाईने तो वळला तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. मला तिथून हलवेना, आणि तेवढ्यासाठी मी तिकिटाचे पैसे पुन्हा भरेन.

तुमच्या आईबद्दल एक विचारायचं होतं, राग नसेल आला तर. चुलीला वैल होता का? फुंकणी लोखंडी होती की वेळूची? पावसाळ्यात ओल्या सरपणाचं काय करायच्या? जमेल तेवढं इथेच खाली लिहा, मी वाट बघते.