लॉगरची वेळ उड्या मारते? क्रिस्टलवर खापर फोडण्याआधी

डेटा लॉगिंगच्या (सेन्सरची वाचनं वेळेसकट नोंदवत राहण्याच्या) स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. कुणी विचारलं, की दोन नोंदींमधलं अंतर कधी 1000 मिलिसेकंद येतं तर कधी 1180, काय करू? उत्तर ठरलेलं: बोर्डाचं घड्याळ भिकार आहे, आरटीसी मॉड्यूल (बॅटरीवर चालणारं स्वतंत्र घड्याळ) लावा, प्रश्न मिटला. सोबत पोटदावेही येतात. स्लीप(1) या थांबण्याच्या आज्ञेचा अर्थ एक सेकंदच. मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) पन्नासेक दिवसांनी कोसळतं, म्हणून बोर्ड मधूनमधून रीस्टार्ट करा. संगणक इंटरनेटवरून वेळ जुळवतो, तेव्हा त्याची वेळ बिनचूक. आणि बारीकसारीक चुका सरासरीत जिरून जातात. यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही.

मुख्य दावा आधी घेऊ. बोर्डाच्या घड्याळाला ठोका देणारा क्रिस्टल चुकतो हे खरं, पण तो कसा चुकतो ते बघा. साधा क्वार्ट्झ क्रिस्टल दहा लाखांत 50 भागांनी चुकला, तर दिवसाला जेमतेम सव्वाचार सेकंदांचा फरक पडतो. आर्डुइनो उनो (आर3 पर्यंतचा; पुढेही उनो म्हणजे तोच) या बोर्डाच्या मुख्य चिपला तर क्रिस्टलही नसतो, त्याच कामाचा सिरॅमिक रेझोनेटर असतो. तो अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो, म्हणजे दिवसाला सात मिनिटं. हे पुष्कळ झालं. पण ही चूक संथ आणि एकाच दिशेची असते. आत्ता 1000, मग 1180, मग पुन्हा 1000 असा धिंगाणा ती घालत नाही. शिवाय हे आकडे त्याच बोर्डाच्या मिलिसमधून आले असतील, तर त्यांत घड्याळाची चूक दिसणारच नाही: आखूड पट्टीला स्वतःचा आखूडपणा मोजता येत नाही. तुमच्याच टाइमरला 1180 दिसतंय, याचा अर्थ प्रोग्रॅम खरोखर 180 मिलिसेकंद उशिरा पोहोचला.

मग उशीर कुठे झाला? बहुतेक वेळा तीन जागा तपासल्या की पुरतं. पहिली एसडी कार्ड. लिहिताना कार्ड अधूनमधून स्वतःची आतली आवराआवर करतं आणि तेवढा वेळ कुणाचंच ऐकत नाही. शंभर-दोनशे मिलिसेकंदांची खीळ त्यात सहज बसते, तीही अनियमित. दुसरी जागा सेन्सर. डीएस18बी20 हा तापमानाचा सेन्सर 12 बिटांच्या वाचनाला 750 मिलिसेकंदांपर्यंत घेतो, आणि लायब्ररी वाचन पूर्ण होईपर्यंत थांबणारी असेल तर अख्खा लूप (प्रोग्रॅमची पुन्हा पुन्हा चालणारी फेरी) तिथेच ताटकळतो. तिसरी सिरियल पोर्ट, म्हणजे बोर्डातून संगणकाकडे अक्षरं जाण्याची वाट. 9600 बॉडच्या वेगाला सेकंदाला साधारण 960 अक्षरंच जातात. उनोचा पाठवायचा बफर (अक्षरं रांगेत थांबण्याची जागा) 64 बाइटचा. तो भरला की प्रिंटची ओळ जागा होईपर्यंत तुम्हाला अडवून ठेवते. गंमत म्हणजे वेळेचा घोळ शोधायला लोक लूपमध्ये आणखी चार प्रिंट टाकतात आणि घोळ वाढवून घेतात.

वेळेचा शिक्का बोर्डावर न मारता संगणकावरच्या पायथन स्क्रिप्टमध्ये मारत असाल, तर आणखी एक भर पडते. यूएसबी-सिरियल चिप अक्षरं साठवून गठ्ठ्याने पाठवते. एफटीडीआय कंपनीच्या अशा चिपांमध्ये ही वाट पाहण्याची मुदत मुळात 16 मिलिसेकंद असते. अशा वेळी स्क्रिप्ट नोंदवते ती ओळ हातात पडल्याची वेळ, मोजमाप झाल्याची नव्हे.

आता यावर आरटीसी लावून काय होतं? डीएस3231 ही आरटीसी चिप उत्तमच आहे, 0 ते 40 अंश सेल्सिअसमध्ये दहा लाखांत 2 भागांच्या आत राहते. पण तिच्या वेळेच्या रजिस्टरमधून मिळतात ते पूर्ण सेकंद. 180 मिलिसेकंदांचा उशीर त्यात लपतो, जात नाही. लूप 1.03 सेकंदांचा असेल तर साधारण दर 33 नोंदींमागे एक सेकंद गायब होतो: 12:00:07 नंतर थेट 12:00:09. मग हाच माणूस 'आरटीसी पण नकली निघाली' म्हणत परत येतो.

स्लीपचा दावा याच 1.03 मध्ये सापडतो. वाचन आणि लेखनाला 30 मिलिसेकंद लागले आणि त्यानंतर तुम्ही एक सेकंद झोपलात, तर फेरी 1030 ची झाली. दिवसभरात 86,400 ऐवजी साधारण 83,880 नोंदी. स्लीप निदान तेवढा वेळ थांबण्याची हमी देतं, नेमक्या क्षणी उठवण्याची नाही. उपाय असा: पुढच्या नोंदीची वेळ आधीच्या ठरलेल्या वेळेत एक सेकंद मिळवून काढायची आणि उरलेला वेळच झोपायचं. इथे 'मागची वेळ = आत्ताची वेळ' लिहिलंत तर उशीर पुन्हा साचतो; 'मागची वेळ += 1000' हवं.

मिलिस कोसळत नाही. 32 बिटांचा मोजणीचा आकडा 4,29,49,67,295 ला पोहोचला की शून्यावर येतो, सुमारे 49.7 दिवसांनी. (विंडोज 95 याच मुदतीनंतर अडकून पडायचं, त्यामुळे ही दहशत जुनी आहे.) 'आत्ता वजा मागचं' असा अनसाइन्ड लाँगमध्ये (ऋण चिन्ह नसलेल्या 32 बिटांच्या प्रकारात) हिशोब केला, तर शून्य ओलांडल्यावरही फरक बरोबर येतो. 'आत्ता > पुढची वेळ' अशी तुलना केली तरच घात होतो. त्यासाठी रीस्टार्ट करणं म्हणजे चालू नोंदी हाताने तोडणं. मात्र ही वजाबाकी पायथनमध्ये करत असाल तर जपा. तिथल्या पूर्णांकांना मर्यादा नसते, त्यामुळे भलीमोठी ऋण संख्या मिळते. 2 च्या 32 व्या घाताने भागून बाकी घ्यावी लागते. आणि उनोवर मिलिस साध्या इंटमध्ये (तिथे 16 बिटांच्या पूर्णांकात) ठेवलंत, तर 50 दिवस सोडाच, 32.767 सेकंदांनंतर वेळ ऋण होते. 'टाइमर अर्ध्या मिनिटाने वेडा होतो' ही तक्रार आली की मी आधी व्हेरिएबलचा प्रकार विचारतो.

संगणकाची वेळ इंटरनेटवरून जुळते, हे तर अंतर मोजायला टाइम.टाइम() (पायथनमध्ये संगणकाची तारीख-वेळ देणारं फंक्शन) न वापरण्याचंच कारण आहे. जुळवणं म्हणजे काटा हलवणं, कधी हळूहळू, कधी एकदम, प्रसंगी मागेही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या 4 पर्यंतच्या बोर्डांवर आरटीसी नाही. बोर्ड जुन्या वेळेने उठतो आणि नेटवर्क मिळालं की घड्याळ उडी मारतं. अंतर मोजायला कधीच मागे न जाणारं टाइम.मोनोटॉनिक() आहे, पायथन 3.3 पासून. नोंदीत दोन्ही रकाने ठेवा: तारखेसाठी एक, अंतरासाठी दुसरा. लिनक्सवर मशीन सस्पेंड झाल्यावर मोनोटॉनिक थांबतं, एवढं लक्षात असू द्या.

वेळ 32 बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) साठवणाऱ्यांसाठी एकच आकडा: 1970 पासूनचे आजचे सेकंद त्यात 128-128 च्या पायऱ्यांनीच मावतात. उनोवर 'डबल' हा एरवी दुप्पट अचूक प्रकार लिहूनही सुटका नाही, तिथे तोही 32 बिटांचाच.

राहिली सरासरी. चुका दोन्ही बाजूंना पडत असतील तर जिरतात. उशीर मात्र फक्त उशिराच होतो, लवकर होत नाही, तो साचतो. 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातल्या धाहरानला अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ 100 तासांत साधारण 0.34 सेकंद घसरलं होतं, कारण 0.1 सेकंद 24 बिटांत नेमका बसत नव्हता. येणारं स्कड क्षेपणास्त्र तिने अडवलं नाही, 28 सैनिक गेले. एकेका टिकची, म्हणजे 0.1 सेकंदाच्या ठोक्याची, चूक नगण्य होती.

आरटीसी घ्यायचीच नाही असं नाही. लॉगर नेटवर्कविना महिनोन्‌महिने एकटा चालणार असेल आणि तारीख-वेळ हवी असेल, तर जरूर घ्या. त्याआधी मात्र सलग नोंदींमधल्या फरकांचा आलेख काढा. सगळे फरक सारखेच थोडे जास्त असतील तर स्लीपकडे बघा. मधूनच सुळके दिसले तर कार्डाकडे किंवा सिरियलकडे. एखादा फरक ऋण आला, तर टाइम.टाइम() किंवा व्हेरिएबलचा प्रकार. आणि फरक अगदी सरळ रेषेत असूनही बाहेरच्या घड्याळाशी तुलना करता रोज तेवढाच वेळ घसरत असेल, तर दोष क्रिस्टलचा.