इटालियन हॉटेलात जाताना घ्यावयाची काळजी

सगळ्यात आधी पायाकडं बघा. आपल्या कोल्हापुरात ताराबाई पार्काच्या बाजूला काचेच्या लिफ्टनं वर गेल्यावर जे नवीन इटालियन हॉटेल लागतं (हॉटेल म्हणू नका, रेस्टॉरंट म्हणा, आणि जमलं तर तेही नको, नुसतं 'प्लेस' म्हणा) तिथं करकर वाजणारी कापशी चप्पल घालून जायचं नाही. हो, असलीच चप्पल जून २०२५ मधे प्राडानं मिलानच्या फॅशन शोमधे आणली, आधी कोल्हापूरचं नाव न घेता आणि बोंबाबोंब झाल्यावर घेऊन, पण म्हणून ती इथं चालेल असं समजू नका. मिलानहून आलेली चालेल. चप्पल लाईनीतून आलेली असेल तर शूज घाला आणि गप वर जा.

वर पोचलात की पोरगी विचारणार, रिझर्व्हेशन आहे का. मागं अख्खा हॉल मोकळा दिसत असला तरी तो मोकळा आहे असं म्हणायचं नाही. ती लॅपटॉपमधे बघेल, तुम्हीपण काळजीत पडल्यासारखं करा, आणि मग ती कुठूनतरी एक टेबल काढून देते.

मेन्यू हातात आला की तो नकाशा आहे हे ध्यानात घ्या. इथं इटालियन जेवण मिळत नाही, इथं पिएमोंते मिळतं, एमिलिया-रोमान्या मिळतं, पुलिया, सिसिली असं वेगवेगळं मिळतं. मॅनेजर येऊन सांगणार की सर, इटलीत २० प्रांत आहेत आणि देश म्हणून ती एक झाली १८६१ मधे, त्यामुळं 'इटालियन फूड' असं काही नसतंच. हे खरंय बरं का, माणूस अभ्यासू आहे. बोलोन्या शहरात तर तालियातेल्ले नावाची जी लांब पट्टीची शेवई करतात तिची रुंदी शिजल्यावर ८ मिलिमीटर पाहिजे असं ठरवून १९७२ मधे चेंबर ऑफ कॉमर्समधे नोंद केली आणि नमुना म्हणून सोन्याची पट्टी पेटीत ठेवली. १९८२ मधे तिच्यावर घालायच्या मांसाच्या रस्स्याची, म्हणजे रागूची, रेसिपीपण तिथंच जमा केली. आणि आपण जे स्पॅगेटी बोलोनीज म्हणून खातो ते नाव काढलं की बोलोन्याच्या माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण तिथं रागू स्पॅगेटीवर घालतच नाहीत.

आता इथं तुम्हाला आतून काहीतरी ओळखीचं वाटायला लागेल. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लालभडक गोडसर भाजी समोर आली की तुम्हीसुद्धा अर्धा तास भाषण देता, की कोल्हापुरी म्हणजे नुसतं तिखट नव्हे, मसाला कसा भाजतात, पांढऱ्या रस्स्यात काय पडतं वगैरे, वेटर बिचारा उभा. तर ते वाटणं तिथल्या तिथं दाबून टाका. बोलोन्याच्या माणसाशी नातं जोडायला आपण एवढे पैसे देत नाही आहोत. तुम्ही निवांत कार्बोनारा मागवा आणि त्यात क्रीम जास्त घाला म्हणून सांगा. रोममधे कार्बोनारात अंडं, पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस आणि मिरपूड एवढंच असतं, क्रीमचा थेंब नाही, पण रोम लांब आहे. कोळंबीच्या पास्त्यावर चीज किसून मागा. वर शेजवान चटणी आहे का विचारा. शेफ आतून डोकावून बघेल, त्याला वाटू दे काय वाटायचं ते.

तिखटाच्या बाबतीत मात्र जरा सांभाळून. इटलीच्या पार दक्षिण टोकाला कॅलाब्रिया आहे, तिथली माणसं मिरचीला जीव देतात, न्दुया नावाचं लाल तिखट डुकराचं मांस पावावर लोण्यासारखं फासून खातात. इथं त्याची चिकनमधली आवृत्ती मिळते. वेटर ती ठेवताना वाकून इंग्रजीत बजावणार, सर, धिस इज व्हेरी स्पायसी, हॅव विथ केअर. तुमच्याबरोबर अण्णा असतील तर ते चमचाभर तोंडात घालतील, डोळे मिटून थांबतील, वाट बघतील, अजून थोडी वाट बघतील आणि मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणतील, "बाळ, कुठला रं तू?" पोरगं इकडं तिकडं बघून हळूच म्हणणार, "मुरगूडचा हाय काका." "मग तुला ह्ये तिखट लागतंय?" "न्हाई ओ काका, तसं म्हणायला सांगितलंय." झालं, म्हणजे आता पुढचा कोर्स येईपर्यंत त्या दोघांचं मुरगूडच्या पाहुण्यांवरून सुरू राहणार, आणि तुमच्या इटालियन संध्याकाळचं वाटोळं. म्हणून सांगतो, अण्णांना घरी ठेवा.

नेलंतच तर निदान मॉझरेल्ला मागवू नका. खरी मॉझरेल्ला कांपानियात म्हशीच्या दुधाची करतात, ताजी, पाण्यात ठेवलेली. हे त्यांना कुणी सांगितलं की संपलं. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीच्या कासेखाली ग्लास धरून धारोष्ण प्यालेला माणूस म्हशीच्या दुधाच्या गोळ्याला हजार रुपये देणार नाही, उलट म्हैस कुठली, फॅट किती लागलं आणि डेअरी लिटरला काय भाव देते हे शेफला बाहेर बोलवून विचारेल.

रिबोलिता नावाचं सूप घ्यायचं असेल तर डोकं बाजूला ठेवून घ्या. टस्कनीतल्या शेतकऱ्यांच्या घरी शिळा पाव, घेवड्याच्या बिया आणि असेल तो पाला एकत्र शिजवून दुसऱ्या दिवशी परत उकळायचं, काही वाया घालवायचं नाही, असा तो गरिबाघरचा प्रकार. घरी आईनं शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला टाकला की तुम्ही नाक मुरडून बाहेरून मागवता. इथं तोच माल काळ्या खोलगट ताटात, मधोमध तीन चमचे, वर ऑलिव्ह तेलाची धार. हळू खा, तीनच चमचे आहेत.

आता वाईन. वर्षानुवर्षं बाहेरच्या वाईनवर १५० टक्के कस्टम ड्युटी होती, त्यामुळं लिस्ट उघडताना उजव्या बाजूवर अंगठा ठेवायचा आणि फक्त नावं वाचायची. बारोलो म्हणा. पिएमोंतेची, नेबियोलो द्राक्षाची, विकायच्या आधी किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यातले १८ लाकडी पिंपात. तोंड कोरडं पडतं, जीभ खरखरीत होते, पण चेहरा सरळ ठेवायचा. वेटर तळाला घोटभर ओतून थांबला की त्याला फक्त एवढंच हवं असतं की बूच खराब होऊन वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय का ते तुम्ही सांगावं, आवडनिवड कुणी विचारलेली नाही. तरी तुम्ही ग्लास गोल फिरवा, उजेडाकडं धरा, नाक पार आत घाला, छताकडं बघा आणि म्हणा, "मातीचा वास येतोय." खोटं म्हणायची हिंमत कुणाची नाही. आणि सरकारदरबारी त्या घोटासाठी परवाना लागतो, एक दिवसाचा ५ रुपयांना मिळतो, म्हणजे अख्ख्या बिलात परवडणारी तीच एक गोष्ट. श्रावणात टेबल लगेच मिळतं, पण तुमच्या घरचे तुम्हाला सोडणार नाहीत आणि ड्राय डेच्या दिवशी बारोलोऐवजी कोकम सरबत येतं, तेही स्टेमवाल्या ग्लासात.

भिंतीवर फ्लोरेन्सचा मोठा फोटो आहे, आर्नो नदी, जुना पूल, पुलावर सोनारांची दुकानं. मॅनेजर त्याच्याकडं हात करून टस्कनीच्या टेकड्यांचं वर्णन करेल तेव्हा मान डोलवत राहा. त्याच नदीच्या खालच्या अंगाला कॅशिने नावाची मोठी बाग आहे, तिथं मुन्योने नदी येऊन मिळते. इंग्लंडहून परत येताना आपले कोल्हापूर संस्थानचे छत्रपती राजाराम महाराज (शिवरायांचे पुत्र नव्हेत, त्यांच्या नंतरचे) १८७० च्या नोव्हेंबरमधे फ्लोरेन्सला वारले, वय अवघं २०, आणि त्या संगमावर त्यांना आपल्या रीतीनं अग्नी दिला. तिथं त्यांच्या स्मारकाची छत्री आहे, आराखडा इंग्रज वास्तुविशारद मेजर मँटचा, ज्यानं आपला न्यू पॅलेस काढला त्याचाच. फोटोत तेवढाच भाग आलेला नाही. तुम्हाला हे माहीत असेल तर बोलू नका, कारण मग मॅनेजरला काय बोलावं ते सुचत नाही आणि जेवण थंड होतं. खरं तर आख्ख्या गावात इटलीशी आपला जो जुना संबंध आहे तो त्या हॉलमधे कुणालाच ठाऊक नसतो आणि बारोलोचे ३८ महिने मात्र सगळ्यांना पाठ, पण ते असो.

जेवण झाल्यावर कॅपुचिनो मागवा. इटलीत तो सकाळी पितात, जेवणावर दुधाची कॉफी म्हटलं की तिथले लोक काळजीनं बघतात, पण तुम्ही फोटो काढणार आहात आणि फेस फोटोत चांगला येतो.

बिल आलं की डोळे पांढरे करू नका. इटलीत नुसतं बसायचे आणि टोपलीतल्या पावाचे माणशी पैसे लावायची जुनी पद्धत आहे, तिला कोपेर्तो म्हणतात, तेव्हा इथं पाव फुकट आला याचं समाधान माना. रस्सा परत परत वाढत राहणारी खानावळ तुम्ही बघितलीय, म्हणून तुमची सवय बिघडलीय, यात रेस्टॉरंटचा दोष नाही.

उरलेलं पार्सल नक्की घ्या. उरलं नसेल तरी ब्रेडची एक काडी ठेवा आणि ती पॅक करायला सांगा, कारण ती देतात त्या जाड खाकी पिशवीत, सोनेरी दोरीची, वर नाव छापलेली. पिशवी मळू देऊ नका. पुढचे सहा महिने सोसायटीच्या लिफ्टमधून जाता येता हातात तीच पाहिजे, आत राजारामपुरीतून आणलेलं भडंग असलं तरी चालतंय, फक्त वरून रुमाल टाका, मसाल्याचा वास येतो.