‘कर नाही त्याला डर कशाला’ हा सल्ला इथे घातक आहे

डिजिटल अरेस्टची, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर ‘अटकेत’ ठेवत पैसे उकळण्याच्या फसवणुकीची, एखादी मोठी बातमी आली की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. फसतात ते हावरट नाहीतर अडाणी लोक. कर नाही त्याला डर कशाला, काही केलं नसेल तर बेधडक बोला. ओळखपत्र मागा, उलट प्रश्न विचारा, तोतया आपोआप उघडा पडतो. नव्या कायद्याने पोलीस ऑनलाइन कारवाई करू शकतात, म्हणून फोन मात्र कापू नका. आणि पैसे गेलेच तर विसरा, ते काही परत येत नाहीत.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चोराच्या सोयीचा आहे.

हावरटपणाचा मुद्दा आधी घेऊ. लॉटरी किंवा शेअर बाजाराच्या फसवणुकीत आमिष असतं, हे खरं. डिजिटल अरेस्टमध्ये आमिष नसतंच, नुसता धाक असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्याकडून अशाच टोळीने ७ कोटी रुपये उकळले. जेट एअरवेजचे संस्थापक नरेश गोयल यांच्या मनी लाँडरिंग (काळा पैसा पांढरा करण्याच्या) प्रकरणात तुमचं नाव आलंय असं त्यांना सांगण्यात आलं. मग व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी झाली आणि तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचा तोतया तिथे बोलला. एवढा मोठा उद्योग चालवणाऱ्या माणसाला अडाणी कसं म्हणणार? मुंबईत २०२५ मध्ये उघडकीला आलेल्या एका प्रकरणात ८६ वर्षांच्या बाईंचे २० कोटींहून जास्त गेले, दुसऱ्यात ७२ वर्षांच्या व्यावसायिकाचे ५८ कोटी. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार डिजिटल अरेस्ट आणि तशाच गुन्ह्यांच्या तक्रारी २०२४ या एका वर्षात १ लाख २३ हजारांवर गेल्या आणि त्यांत १,९३५ कोटी रुपये बुडाले. एवढी सगळी माणसं हावरट होती असं म्हणणं क्रूरपणाचं आहे. शिवाय याच शेऱ्यामुळे फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो आणि तक्रारीला उशीर होतो.

आता ‘कर नाही त्याला डर कशाला’. या मजकुरातली सगळ्यात घातक ओळ हीच, कारण हा सापळा निर्दोष माणसाला समोर ठेवूनच रचलेला असतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, किंवा तुमच्या आधारवर कुणीतरी खातं उघडलंय, असा फोन येतो. तुम्ही म्हणता, ‘माझा काही संबंध नाही.’ पलीकडच्याला हेच वाक्य हवं असतं. ‘मग तशी तक्रार नोंदवा, मी मुंबई क्राइम ब्रँचला जोडून देतो.’ तिथे एक साहेब दरडावतो आणि दुसरा मवाळपणे म्हणतो, ‘तुम्ही सज्जन दिसता, मी सोडवतो तुम्हाला. फक्त खात्यातले पैसे काळे नाहीत हे सिद्ध करा.’ त्यासाठी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ‘पडताळणी’ खात्यात भरायची, दोन दिवसांत परत मिळेल. असं कुठलंही खातं रिझर्व्ह बँकेकडे नाही. पण ज्याला आपलं नाव स्वच्छ ठेवायचंय तो स्वतः बँकेत जाऊन एफडी मोडतो, आरटीजीएसचा फॉर्म भरतो. कॅशियरने विचारलंच तर शिकवल्याप्रमाणे ‘घरात लग्न आहे’ असं सांगतो. ज्याने खरोखर काही केलेलं असतं तो आधी वकिलाला फोन लावतो. निर्दोष माणूस मात्र सहकार्य करत राहतो. म्हणून डर नसला तरी बोलणं चालू ठेवायचं नाही. निर्दोषपणा फोनवर सिद्ध करायची गरज कायद्यात कुठेच नाही.

‘ओळखपत्र मागा’ म्हणणाऱ्यांना हे माहीत नसावं की ओळखपत्र न मागताच येतं. व्हिडिओवर वर्दी दिसते, मागे ठाण्यासारखी खोली असते, वायरलेसचा आवाजही येतो. सही-शिक्क्याचे कागद तर थेट न्यायालयाचे असतात. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून जास्त रकमेला लुटलं गेलं. त्यानंतर न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. पलीकडच्याला आपला आधार क्रमांक आणि पत्ता पाठ असतो, त्यानेही माणूस हबकतो. पण आधारची झेरॉक्स आपण हॉटेलात, सिमच्या दुकानात, घरभाड्याच्या एजंटाकडे वर्षानुवर्षं देत आलोय.

आणि प्रश्न विचारून त्याला गोंधळात टाकू असं वाटत असेल, तर समोर कोण बसलंय ते लक्षात घ्या. आग्नेय आशियात, कंबोडिया-म्यानमारच्या बाजूला, अशा फोनचे अड्डेच्या अड्डे चालतात. नोकरीच्या आशेने गेलेल्या भारतीय मुलांनाही तिथे कोंडून हे काम करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना तिथून सोडवून आणलं. तुमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे लिहून ठेवलेलं असतं. खातरजमा करायचीच असेल तर फोन कापा, आपणच शोधलेल्या नंबरवर आपल्या हद्दीच्या ठाण्याला विचारा, किंवा ११२ लावा.

नव्या कायद्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो जास्त फसवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत समन्स, सुनावणी अशा बऱ्याच गोष्टी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करण्याची सोय आहे. अटक मात्र त्यात बसत नाही. कलम ४३ प्रमाणे पोलिसाने प्रत्यक्ष अंगाला हात लावावा किंवा अडवून ठेवावं लागतं, नाहीतर माणसाने स्वतःहून ताब्यात यावं लागतं. कलम ३६ प्रमाणे अटकेचा पंचनामा होतो आणि त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या साक्षीदाराची सही लागते. कलम ५८ प्रमाणे २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. चौकशीला हजर राहण्याची कलम ३५ ची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय.

पण कलमांचे आकडे पाठ नसले तरी एक फरक कुणालाही ओळखता येईल. कलम ४८ प्रमाणे पोलिसांना अटकेची खबर तुमच्या नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावीच लागते. चोर नेमकं उलटं सांगतो: राष्ट्रीय सुरक्षेचा मामला आहे, बायकोला सांगू नका, मुलाला सांगू नका, कॅमेरा बंद करू नका. दक्षिण मुंबईतल्या त्या ८६ वर्षांच्या बाईंच्या बाबतीत काहीतरी बिनसलंय हे लक्षात आलं ते घरकामाला येणाऱ्या बाईंच्या. त्यांनी ते मालकीणबाईंच्या मुलीच्या कानावर घातलं. घरातली एखादी वयस्कर व्यक्ती अचानक दार लावून तासन्‌तास फोनवर बसू लागली, तर तेवढ्यावरूनही दार ठोठावावं.

परदेशी नंबर असला तरच फसवणूक, हेही काही जण जोडतात. परदेशातला फोन भारतीय नंबराच्या रूपात दाखवता येतो, त्यामुळे +९१ पाहून निर्धास्त होऊ नये.

राहिला पैशांचा मुद्दा. सगळे परत मिळतील असं कुणीच सांगू शकत नाही, कारण रक्कम काही मिनिटांत भाड्याने घेतलेल्या एका खात्यातून पुढच्या पाच-दहा खात्यांत पांगते. म्हणूनच १९३० या हेल्पलाइनला पहिल्या तासाभरात फोन करण्याला महत्त्व आहे. तिथे तक्रार नोंदली की ती पुढच्या बँकांकडे जाते आणि खात्यात उरलेली रक्कम अडवली जाते. या मार्गाने आजवर हजारो कोटी रुपये थोपवले गेलेत. ओसवाल यांनी तक्रार केली म्हणून त्यांच्या ७ कोटींपैकी सव्वापाच कोटी पोलिसांच्या हाती लागले. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाका आणि आपल्या बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. बँकेने व्यवहाराला दिलेला यूटीआर (संदर्भ) क्रमांक, चॅट, आलेले बनावट कागद काहीही डिलीट करू नका. पैसे गेले नसतील, नुसता फोन आला असेल, तर तो नंबर संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेवर कळवता येतो.

तक्रारीनंतर ‘तुमची रक्कम सोडवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला, तर तोही त्याच जातीच्या चोराचा असतो. १९३० किंवा सायबर पोलीस अशी फी घेत नाहीत.