तीन मत्झा म्हणजे त्रैक्य? त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा जवळ आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. यावर्षी मला पाच जणांकडून आला, त्यातले दोघं तर आमच्याच मंडळीतले (चर्चमधले) वडीलजन, त्यामुळे गप्प बसवत नाहीये. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यहुदी लोक वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या रात्री, सेदेरच्या जेवणाला तीन बेखमीर भाकरी (मत्झा) एकावर एक ठेवतात, त्या म्हणे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. मधली काढून मोडतात तो पुत्र, अर्धा तुकडा कापडात गुंडाळून लपवतात ती कबर, जेवणानंतर पोरं तो शोधून आणतात ते पुनरुत्थान. त्या तुकड्याला आफिकोमान म्हणतात, त्याचा ग्रीक अर्थ "तो आला". भाकरीवर पट्टे आणि भोकं असतात ते फटके आणि खिळे. सुटकेच्या रात्री दारावर लावलेलं कोकराचं रक्त क्रॉसच्या आकारात, सणाचं कोकरू भाजायचं तेही क्रॉसवर, आणि यरुशलेमेच्या मंदिरात कोकरू कापलं त्याच मिनिटाला दुपारी तीनला येशूने प्राण सोडला. आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरात, यहुदी हे हजारो वर्षं करतायत पण डोळ्यांवर पडदा आहे म्हणून त्यांना अर्थ कळत नाही.

आधीच सांगते, ख्रिस्त आपला वल्हांडणाचा यज्ञपशू आहे हे मी मनापासून मानते. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ते लिहिलंय आणि मला तेवढं पुरतं. वाद त्याच्याबद्दल नाहीये. वाद आहे तो दुसऱ्याच्या घरातल्या ताटात काय वाढलंय आणि का वाढलंय हे त्यांना न विचारता सांगण्याबद्दल.

तीन मत्झांपासून सुरू करू कारण सगळा मेसेज त्याच्यावर उभा आहे. शब्बाथ आणि सणाच्या जेवणाला यहुदी घरात दोन अख्ख्या भाकरी ठेवतात, कारण रानात सहाव्या दिवशी मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, दुप्पट मिळायचा, निर्गम १६ मध्ये आहे. आता वल्हांडणाच्या भाकरीला अनुवाद १६:३ मध्ये "दुःखाची भाकर" म्हटलंय, मूळ हिब्रूत लेखेम ओनी, ज्याचा अर्थ गरिबाची भाकर असाही होतो, आणि ताल्मूदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी सरळ सांगतात की गरीब माणूस अख्खी भाकर खात नाही, तो तुकडा खातो, म्हणून या रात्री तुकडा पाहिजे. मग प्रश्न आला की सणाच्या दोन भाकरींपैकीच एक मोडायची, की दोन अख्ख्या ठेवून मोडायला तिसरी घ्यायची? बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या यहुदी धर्मपंडिताने दोनच सांगितल्यात, एक मोडा आणि एक अख्खी राहू द्या. फ्रान्स-जर्मनीकडच्या रब्बींनी तीन धरल्या आणि ती पद्धत पसरली. पण अठराव्या शतकात विल्नाचे मोठे रब्बी, ज्यांना विल्ना गाओन म्हणतात, ते दोनच ठेवायचे आणि त्यांची पद्धत पाळणारे आजही दोनच ठेवतात. म्हणजे तीन हा आकडा दोन अधिक एक असा आलाय, आणि तोही मध्ययुगात पक्का झालाय. येशूच्या वेळच्या कुठल्याही लिखाणात तीन मत्झा नाहीत. मधलीच का मोडतात, तर वरची आणि खालची अख्खी राहिली पाहिजे म्हणून. तिघींना नावं द्यायचीच तर यहुदी लोक कोहेन (याजक), लेवी (मंदिराचे सेवक), इस्राएल (बाकीचे लोक) अशी देतात, किंवा अब्राहाम, इसहाक, याकोब. तीन दिसलं की त्रैक्य असं धरायला लागलो तर चुलीचे तीन दगडसुद्धा त्रैक्य होतील, आणि त्रैक्यावरचा माझा विश्वास इतक्या हलक्या पुराव्यावर टांगलेला मला नको आहे.

आता पट्टे आणि भोकं. पाणीपुरीवाल्याकडच्या शेवपुरीची पापडी फुगू नये म्हणून तळायच्या आधी तिला काट्याने टोचे मारतात हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. मत्झाला भोकं त्याचसाठी. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भट्टीत जाऊन भाजून निघाली पाहिजे आणि कुठे फुगता कामा नये, म्हणून टोचायची. भोकं रांगेत पडली की दोन रांगांमधला भाग थोडा वर येतो आणि तोच आधी करपतो, झाले पट्टे. इतक्या सरळ रेषांचे पट्टे तर मशीनच्या मत्झाचे, आणि मत्झाचं पहिलं मशीन १८३८ च्या सुमारास फ्रान्समधल्या अल्सास भागात निघालं. येमेनी यहुद्यांची मत्झा मऊ असते, आपल्या चपातीच्या जवळची, तिला असे रांगेने पट्टे नसतात. मग त्यांच्या भाकरीत यशया ५३, म्हणजे देवाच्या सेवकाला बसलेल्या फटक्यांचा तो अध्याय, नाही असं म्हणायचं का? यशया ५३ वाचताना मला रडू येतं, खरंच येतं, पण त्याला बिस्किटाच्या डागांचा आधार लागत नाही.

आफिकोमानचा मुद्दा जरा नीट बघावा लागेल कारण त्यात थोडंसं तथ्य आहे असं वाटू शकतं. शब्द ग्रीकमधून आलाय हे खरं. पण तो पहिल्यांदा दिसतो कुठे, तर मिश्नामध्ये, म्हणजे इ.स. २०० च्या आसपास संकलित झालेल्या यहुदी नियमांच्या ग्रंथात, आणि तिथलं वाक्य नकाराचं आहे: वल्हांडणाचं कोकरू खाल्ल्यावर आफिकोमानने शेवट करायचा नाही. ग्रीक-रोमन मेजवानीत जेवण झालं की गाणी-बजावणी, दारू, या घरातून त्या घरात धिंगाणा असा प्रकार चालायचा, त्याच्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून हा शब्द आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. ताल्मूदमधल्या रब्बींनाही नेमका अर्थ लावताना मतभेद झाले, कोणी म्हणालं एका जेवणाऱ्या गटातून दुसऱ्या गटात जाऊ नका, कोणी म्हणालं जेवणानंतरचे गोडधोड-चटकमटक पदार्थ. पण सगळ्यांच्या मते ती करायची नाही अशी गोष्ट होती! आता तिथे "तो आला, मसीहा" असा अर्थ घालून ते वाक्य वाचून बघा, काही अर्थच लागत नाही. पुढे मंदिर गेलं, कोकरू बंद झालं, शेवटचा घास मत्झाचा ठरला आणि कालांतराने त्या तुकड्यालाच आफिकोमान नाव पडलं.

"तो आला" हा अर्थ हवेतून आलेला नाही हेही सांगायला पाहिजे. रॉबर्ट आइस्लर आणि नंतर डेव्हिड डॉब या विद्वानांनी तसं मांडलं होतं, आणि डॉब स्वतः यहुदी होते. पण त्यांचं म्हणणं असं होतं की त्या काळच्या यहुद्यांच्या मसीहाच्या आशेचं ते चिन्ह असावं आणि येशूने तेच हातात घेतलं. ते मत बहुतेकांनी स्वीकारलेलं नाही, आणि स्वीकारलं तरी त्यातून लपवणं म्हणजे कबर आणि शोधणं म्हणजे पुनरुत्थान हे निघत नाही. लपवाछपवी पोरांसाठी आहे. ताल्मूदमध्ये रब्बी एलियेजर सांगतात की या रात्री मत्झा पटपट हिसकावून घ्या म्हणजे मुलं झोपणार नाहीत, त्यातून पुढे लपवायचा खेळ आला. जेवण रात्री उशिरापर्यंत चालतं, पोरं पेंगतात, आणि त्या रात्रीचा मुख्य उद्देशच मुलांना मिसरातून सुटकेची गोष्ट सांगायचा आहे, मग ती जागी नको का राहायला.

रक्ताचा क्रॉस. निर्गम १२ मध्ये दाराच्या दोन्ही बाह्या आणि कपाळपट्टी एवढंच आहे, म्हणजे तीन जागा, चौकटीचा आकार होतो. उंबऱ्यावर चौथा ठिपका लोकांनी मागाहून घातलाय. कोकरू क्रॉसवर भाजायचे हे मात्र दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहिलंय, एक शीग खालून डोक्यापर्यंत आणि दुसरी आडवी पाठीवरून. मिश्नामध्ये डाळिंबाच्या लाकडाची एकच शीग सांगितलीय. जस्टिनने कुठे काही पाहिलं असेलही, पण तो नियम होता असं म्हणता येत नाही.

आणि तीन वाजताचं गणित, हे सगळ्यात जास्त लोकांना पटतं आणि हेच सगळ्यात जास्त गडबडलेलं आहे. मार्क, मत्तय आणि लूक सांगतात की शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं जेवण होतं, म्हणजे कोकरं आदल्या दुपारीच कापून झाली होती, आणि येशू दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला गेला. योहान वेगळं सांगतो, त्याच्याकडे येशूला रोमन सुभेदार पिलातासमोर नेलं तेव्हा लोकांना वल्हांडणाचं जेवण अजून जेवायचं होतं (१८:२८), आणि तो दिवस वल्हांडणाच्या तयारीचा होता (१९:१४), पण योहान मृत्यूची वेळ देतच नाही. फॉरवर्डवाल्याने दिवस योहानाचा उचलला आणि तास मार्कचा उचलला आणि दोन्ही चिकटवले. चारही शुभवर्तमानांत असा प्रसंग कुठेच नाही. शिवाय योसेफस हा त्या काळचा यहुदी इतिहासकार सांगतो की कोकरं नवव्या ते अकराव्या तासात, म्हणजे तीन ते पाच, कापायचे, आणि मिश्ना सांगते की लोक तीन गटांनी आत जायचे, ज्याचं कोकरू तो स्वतः कापायचा, याजक रक्त झेलायचे आणि लेवी हालेलची, म्हणजे सणाला म्हणायची स्तुतीची, स्तोत्रं गायचे. तेव्हा "प्रमुख याजकाने शेवटचं कोकरू कापून 'पूर्ण झाले' असं म्हटलं" हे जे काही मेसेजमध्ये जोडलेलं असतं ते तिथे नाही. योहानाने दिवस असा का मांडला, हाड मोडलं नाही हे निर्गम १२:४६ मधलं वाक्य त्याला का आठवलं, यावर एक अख्खा उपदेश होऊ शकतो, पण मिनिटं जुळवायच्या नादात योहान काय म्हणतोय हेच आपण ऐकत नाही.

येशूने उचललेला प्याला म्हणजे सेदेरचा तिसरा, "सुटकेचा" प्याला, असंही पुढे असतं. चार प्याले मिश्नात आहेत हे खरं. पण इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं त्याच्या आधी यरुशलेमेत जेवण कसं चालायचं याचं तपशीलवार वर्णन आपल्याकडे नाही. आज सेदेरला जी हगादा (त्या रात्रीची पोथी) वाचतात तिचा पूर्ण मजकूर नवव्या शतकापासून मिळतो. लूक दोन प्याले सांगतो, बाकीचे एकच. कडू भाजी तिथे सांगितलेली नाही, ताटातल्या कोकराबद्दल एक शब्द नाही. भोजनानंतरचा प्याला आहे आणि स्तोत्र आहे. तेवढं माहीत आहे आणि तेवढंच छातीठोक सांगावं.

उलट मला तर सेदेर म्हणजे मंदिर जळाल्यावर, कोकरू अर्पायची जागाच उरली नाही तेव्हा, एका समाजाने आपला सण घरातल्या टेबलावर कसा जिवंत ठेवला त्याची गोष्ट वाटते. ती त्यांची आहे.

म्हणून शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, "त्यांना कळत नाही". दुसऱ्या शतकात सार्दीसच्या मेलितो या ख्रिस्ती बिशपने वल्हांडणावर सुंदर प्रवचन लिहिलं, त्यात ख्रिस्त हेच खरं कोकरू असं मांडत मांडत तो इस्राएलने देवाला मारलं इथपर्यंत पोचला. ११४४ मध्ये इंग्लंडात नॉर्विचला एका मुलाच्या खुनाचा आळ यहुद्यांवर घातला गेला आणि पुढे युरोपभर अफवा पसरली की ते मत्झामध्ये ख्रिस्ती मुलांचं रक्त घालतात. ईस्टरचा आठवडा म्हणजे यहुदी घरांत दारं लावून बसायचा आठवडा झाला. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेवला ईस्टरच्याच दिवशी दंगल सुरू झाली, ४९ यहुदी मेले. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये अधिकृतपणे सांगितलं की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष यहुदी लोकांवर सरसकट ठेवता येणार नाही. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या मनात असलं काही नसतं मला माहितीये, पण यहुद्यांच्या ताटातल्या मत्झाचा अर्थ त्यांच्यापेक्षा आम्हाला जास्त कळतो हे वाक्य फार जुनं आहे आणि त्याने फार त्रास दिलाय.

आणि आपण मराठी लोकांनी तरी हे म्हणू नये. कोकणातले यहुदी म्हणजे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली असं ज्यांना गावात ओळखायचे, ते आपलीच भाषा बोलतात. जॉन विल्सन मिशनरी मुंबईत आले, त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं, मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलं शिकली, आणि शिकून ती आपल्याच धर्मात जास्त पक्की झाली. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी हगादा छापली गेली, तिच्यात साडी नेसलेल्या बायका मत्झा करतानाची चित्रं आहेत. आपल्या मराठीत त्यांनी अर्थ लिहून ठेवलाय. कोणाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर तिथून सुरुवात करता येते, किंवा ठाण्यात, अलिबागकडे कोणी ओळखीचं असेल तर सरळ विचारता येतं.

मंडळीत सेदेरचं प्रात्यक्षिक ठेवायचं का असं मला दोन्ही वडिलांनी विचारलं. मी नको म्हटलं आणि वर जे लिहिलंय ते त्यांना तासभर बसून सांगितलं, एकाला पटलं, दुसरे अजून विचार करतायत. या गुरुवारी आम्ही मार्क १४ आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचणार आहोत, भाकर मोडणार, प्याला घेणार आणि शिष्यांनी म्हटलं तसं एक स्तोत्र म्हणून बाहेर पडणार.